तालमीतून पलटणीत : मराठी शिपायाच्या हातघाईच्या शिक्षणाचा इतिहास

दोन्ही बाजूंचे शिपाई एकमेकांना भिडल्यावर जी लढाई होते तिला मराठीत हातघाई म्हणतात. बाण, गोळी आणि तोफ अंतरावरून काम करतात. अंतर संपले की तलवार, कट्यार, संगीन, दगड आणि शेवटी नुसते हात उरतात. त्या क्षणासाठी शिपायाला तयार करणे हे प्रत्येक सैन्याला करावे लागलेले काम आहे. त्यात तीन गोष्टी येतात : शरीर घट्ट आणि लवचीक करणे, हातातले शस्त्र अंगवळणी पाडणे आणि समोरचा माणूस हाताच्या अंतरावर आल्यावर डोके शांत ठेवणे. मराठी मुलखात हे शिक्षण दोन ठिकाणी वाढले. एक गावची तालीम, दुसरी सैन्याची कवायत. कधी ही दोन्ही एकत्र नांदली, कधी एकमेकींपासून दुरावली, आणि पुढे पलटणीत पुन्हा भेटली.

मल्लविद्येचा पाया

दख्खनमधील मल्लविद्येची सविस्तर नोंद बाराव्या शतकातली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. वय, अंगकाठी आणि बळ यांवरून मल्लांची प्रतवारी कशी करावी, त्यांचा आहार काय असावा, कोणते व्यायाम घ्यावेत, हे त्यात सांगितले आहे. खांबावरच्या मेहनतीचाही तेथे उल्लेख येतो. मल्लखांबाचे मूळ तेथपर्यंत नेले जाते ते यामुळेच. मल्ल पोसणे हा राजाच्या करमणुकीचा भाग होताच, पण मल्लाची ताकद आणि शिपायाची ताकद एकाच मेहनतीतून येते ही समज त्यामागे होती.

गावोगावच्या तालमींनी ही समज जपली. तालमीची मांडणी ठरलेली असे : मारुतीची मूर्ती, तांबड्या मातीचा हौद, भिंतीशी उभ्या केलेल्या मुदगलांच्या जोड्या आणि देखरेखीला वस्ताद. हौदातली माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळत, म्हणजे ती मऊ राहते आणि खरचटलेली कातडी चिघळत नाही. जोर, बैठका आणि सपाट्या काढून अंग तापले की लढत धरायची. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, पट काढणे अशा डावांतून पकड, तोल आणि पडण्याची रीत शिकायला मिळे. लढाईत जो पडला तो बहुधा मेला. पडूनही तोल सावरणे आणि खालून वर येणे हे कुस्तीने दिलेले शिक्षण शिपायाला तलवारीइतकेच उपयोगी होते.

शिवकाळातील हातघाई

सतराव्या शतकात सह्याद्रीच्या मुलखात जे युद्ध झाले त्यात या शिक्षणाची कसोटी लागली. डोंगरी किल्ल्याचा दरवाजा, अरुंद खिंड, रात्रीचा छापा या ठिकाणी मोठी फौज पसरून उभी राहू शकत नाही. थोडे शिपाई थोड्यांशी भिडतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट ही या प्रकारच्या लढाईची सर्वांत प्रसिद्ध घटना. अंगरख्याखालचे चिलखत, वाघनखे आणि बिचवा ही सगळी मिठीच्या अंतरावर वापरायची साधने होती. त्याच प्रसंगी खानाच्या सय्यद बंडा या अंगरक्षकाचा वार अडवणारा जिवा महाला हा पट्ट्याच्या हातासाठी लोकस्मृतीत राहिला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये घोडखिंडीत बाजीप्रभूंनी थोड्या मावळ्यांनिशी वाट अडवून धरली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात अंधारात झालेली चकमकही हातघाईचीच.

४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर तानाजी मालुसरे आणि किल्लेदार उदेभान यांची गाठ पडली. सभासदाच्या बखरीनुसार तानाजीची ढाल तुटली आणि दुसरी मिळेना, तेव्हा त्याने डाव्या हातावरच वार झेलत लढाई चालू ठेवली. हातातले साधन गेल्यावर शिपायाजवळ काय शिल्लक राहते, याचे उत्तर या प्रसंगात आहे. हातघाईच्या शिक्षणाचा सारा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

मावळ्यांचे शिक्षण कोणत्या शाळेत होत नसे. पावसाळ्यात फौजा छावणीला परतत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा मोहिमेवर निघत. मधल्या महिन्यांत हत्यारांचा हात बसवायला वेळ मिळे. सरावासाठी खऱ्या शस्त्रांची बोथट रूपे असत. फरीगदका म्हणजे चामडे मढवलेली काठी आणि छोटी ढाल. तिच्यावर तलवारीचे वार आणि बचाव शिकवत. बोथाटी म्हणजे टोकाशी गोळा बांधलेला भाला. घोड्यावरून भाला मारण्याचा आणि चुकवण्याचा सराव तिच्यावर होई. विटा हा दोरी बांधलेला छोटा भाला फेकून परत ओढता येई. लाठी आणि बनेटी यांच्या फिरवण्याने मनगट आणि खांदा मोकळा होत असे.

या सगळ्यात पट्टा वेगळा. त्याचे पाते लांब, सरळ, दुधारी आणि लवचीक. मूठ लोखंडी खोबणीत, आणि ती खोबण कोपरापर्यंत हात झाकते. त्यामुळे मनगट वळत नाही; वार कोपर, खांदा आणि कंबर यांतून काढावा लागतो, आणि वार काढताना पाय फिरते ठेवावे लागतात. पवित्रा चुकला तर लवचीक पाते स्वतःलाच लागते. म्हणून पट्टेबाज आधी पवित्रे शिकतो आणि मग पाते हातात घेतो. चारी बाजूंनी वेढलेल्या एकट्या शिपायाला भोवतालची जागा मोकळी ठेवता यावी, यासाठी हे शस्त्र विशेष कामाचे होते.

बाळंभटदादा आणि मल्लखांब

पेशवाईच्या अखेरीस तालमीच्या विद्येला नवे वळण मिळाले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या हैदराबादहून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिले, असे परंपरा सांगते. नाशिक भागातील कोठुरे गावच्या बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारले. वणीच्या सप्तशृंगीला जाऊन त्याने तयारी केली आणि परत येऊन लढत जिंकली. या कथेत भक्तिभावाचा भाग आहे. पण मल्लखांबाची जी पद्धत आज शिकवली जाते ती देवधरांच्या शिष्यपरंपरेतून आली, याबद्दल व्यायामक्षेत्रात एकमत आहे. काशीपर्यंत आणि पुढे बडोद्यापर्यंत ही परंपरा पसरली.

मल्लखांब हा कुस्तीगिराचा न थकणारा जोडीदार. जमिनीत पुरलेल्या गुळगुळीत लाकडी खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे कातडी सोलत नाही आणि पकड मात्र कसून घ्यावी लागते. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारा, सुईदोरा ही उड्यांची आणि पकडींची नावे. खांबाला घातलेली पायांची मिठी हीच प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला घालायची असते. दोरीच्या मल्लखांबावर चढण्याचा सराव असलेला माणूस तटावर सोडलेल्या दोरावरही सहज चढतो. उलटे लोंबकळताना श्वास आणि भान राखण्याची सवय लागते. अशा रीतीने खेळ म्हणून राहिलेल्या या मेहनतीत शिपायाला लागणारे बहुतेक गुण साठले.

कंपू आणि संगीन

अठराव्या शतकात लढाईचे तंत्र बदलले. रांगेत उभे राहून हुकमासरशी गोळ्या झाडणारी कवायती पायदळे पुढे आली. महादजी शिंद्यांनी फ्रेंच सेवेत राहिलेल्या द बॉयन याच्याकडून अशा पलटणी उभ्या करवल्या. त्यांना कंपू म्हणत. उत्तर हिंदुस्थानात या कंपूंनी शिंद्यांची सत्ता बसवली. बंदुकीच्या तोंडाशी संगीन लावली की बंदूक भाला होते. पण संगिनीचे शिक्षण तलवारीपेक्षा वेगळे आहे. तलवारबाज आपली जागा स्वतः शोधतो. संगीनवाल्याला शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, एका हुकमाने, एकाच दिशेने जावे लागते. एकट्याच्या कसबापेक्षा रांगेची शिस्त येथे अधिक मोलाची ठरली.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे आणि १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारी येथे या पलटणी इंग्रजांशी लढल्या. लासवारीआधी बहुतेक युरोपीय अधिकारी सोडून गेले होते. तरीही लासवारीला शिंद्यांच्या पायदळाने जागा सोडली नाही आणि तोफांजवळ अखेरपर्यंत झुंज दिली. शत्रुपक्षाच्या सेनापतीनेही त्यांच्या शौर्याची वाखाणणी केली. कवायतीचे शिक्षण मराठी राज्यात पक्के रुजले होते. नेतृत्व, पैसा आणि पुरवठा यांची घडी मात्र बसली नाही.

राज्य गेल्यानंतरची तालीम

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि १८१८ साली पेशवाई संपली. फौजा मोडल्या, पण हत्यारांचा हात असलेली माणसे उरली. पुरंदरच्या परिसरातील लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१) यांचे वडील खडकीच्या लढाईत पडले. लहुजींनी १८२२ च्या सुमारास पुण्यात तालीम सुरू केली. कुस्ती, दांडपट्टा, लाठी, नेमबाजी यांचे शिक्षण तेथे मिळे. मातंग समाजातील या वस्तादाकडे सर्व जातींची मुले येत. जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके हे दोघेही त्यांच्याकडे शिकले. फुल्यांच्या शाळांना विरोध झाला तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आपले सैन्य नसलेल्या काळात तालीम ही लढाऊ शिक्षणाची मोठी जागा होती, आणि या तालमीने ती जागा सर्वांसाठी उघडी ठेवली.

निजामाच्या राज्यातही हाच काळ उलथापालथीचा होता. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर आदिलाबाद आणि निर्मल यांच्या मध्ये जंगल लागते. १८५७ नंतर या जंगलपट्टीत रामजी गोंडाने गोंड आणि रोहिले यांना एकत्र करून इंग्रज आणि निजाम यांच्याविरुद्ध लढा दिला. १८६० मध्ये त्याला निर्मल येथे फाशी देण्यात आले. त्याच्या असंख्य साथीदारांना एकाच वडाला फाशी दिल्याची आठवण तेथे सांगितली जाते. जंगलाची जाण आणि धाडस यांच्या बळावर लढलेली टोळी कवायती फौज आणि तिचा दारूगोळा यांच्यासमोर फार काळ टिकू शकत नाही, हे या लढ्याने दाखवले. १८७९ मध्ये फडक्यांच्या बंडाचेही तसेच झाले.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यावर बंदी आली. तालमीतला सराव मुख्यतः लाकडी आणि बोथट हत्यारांवर चालू राहिला आणि हळूहळू शिपाईगिरीची विद्या व्यायामविद्या झाली. तिला नव्या काळाची शिस्त लावण्याचे काम बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव यांनी केले. शेकडो मुलांनी एकाच वेळी, हुकमाबरोबर, लाठी किंवा लेझीम करावी अशी सांघिक पद्धत त्यांनी बसवली आणि इंग्रजी हुकमांच्या जागी देशी भाषेतले हुकूम आणले. तालमीतला वैयक्तिक हात आणि पलटणीची रांग यांची सांगड येथे घातली गेली.

अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान क्लब काढला; त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापले. दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध केला. मल्लखांब, कुस्ती, पट्टा, लाठी यांची जी माहिती वस्तादांच्या तोंडी होती ती चित्रांसह कागदावर आली. एकेका वस्तादाबरोबर एकेक डाव नाहीसा होत असताना झालेले हे काम मराठी भाषेचे मोठे धन आहे.

मराठा पलटणी

इंग्रजांच्या मुंबई लष्करात मराठी शिपाई अठराव्या शतकापासूनच होते. पुढे मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून ओळखल्या गेलेल्या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ ची. जंगी पलटण आणि काळी पाचवी ही तिच्या जुन्या पलटणींची नावे शिपायांच्या तोंडी आजही आहेत. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर या भागांतून भरती होई. गावच्या हौदात लढलेला मुलगा पलटणीत आल्यावर त्याच्या हाती रायफल आणि संगीन येई. बेळगावचे केंद्र हे या शिपायांच्या घडणीचे ठिकाण झाले.

यंत्रबंदुकीच्या युगात संगीन कालबाह्य होईल असे वाटत होते. पहिल्या महायुद्धातील खंदकांनी ते खोटे ठरवले. वळणावळणाच्या अरुंद खंदकात लांब रायफल वळवणेही कठीण होते. तेथे संगीन, बंदुकीचा दस्ता, फावडे आणि सोटे चालले. सैन्यांनी संगिनीचे शिक्षण नव्याने आखले. गवताचे पुतळे टांगायचे किंवा जमिनीवर टाकायचे, धावत जाऊन भोसकायचे, संगीन ओढून काढायची, पुढच्याकडे वळायचे, अडली तर दस्त्याने मारायचे. ओरडत धावणे हाही शिक्षणाचा भाग होता. त्याने स्वतःची भीती दबते आणि समोरच्याची वाढते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणींनी या प्रकारची लढाई फार अनुभवली. ११७ व्या मराठा पलटणीला त्या कामगिरीबद्दल ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

दुसरे महायुद्ध आणि नवे तंत्र

दुसऱ्या महायुद्धात निःशस्त्र झुंजीला सैनिकी अभ्यासक्रमात पक्की जागा मिळाली. त्यामागे शांघायचा अनुभव होता. तेथील पोलीस दलात असलेल्या विल्यम फेअरबर्न याने जपानी जुजुत्सू आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्या यांतून मोजके, सोपे प्रहार निवडले. १९४० मध्ये तो इंग्लंडला परतला आणि सहकारी एरिक साइक्स याच्यासह कमांडोंना शिकवू लागला. दोघांच्या नावाचा खंजीर १९४१ पासून कमांडोंच्या कमरेला आला. त्यांच्या पद्धतीचे तत्त्व साधे होते. भीतीत माणसाची बोटे थरथरतात आणि बारीक हालचाली जमत नाहीत, म्हणून थोडेच डाव शिकवायचे आणि ते न विचारता येतील इतके घोटून घ्यायचे. तालमीतला वस्ताद एकच डाव शेकडो वेळा करून घेतो तोही याच कारणासाठी.

मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणींनी इटालियन सैन्याच्या जागा चढून घेतल्या. उभ्या चढावर तोफांचा मारा थांबल्यानंतरचे शेवटचे थोडे अंतर हातबॉम्ब आणि संगीन यांनीच कापावे लागते. या लढाईत ‘शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना घुमली आणि पुढे ती रेजिमेंटची युद्धघोषणा झाली. ब्रह्मदेशातील पराभवानंतर १९४३ मध्ये चौदाव्या डिव्हिजनचे रूपांतर प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये झाले आणि सातपुड्यातील छिंदवाड्याला तिचे ठाणे पडले. दाट झाडीत शत्रू दिसतो तोच काही हातांवर. तेथे पहिली गोळी चुकली तर दुसरीला वेळ मिळेलच असे नाही, हे गृहीत धरून नव्या शिपायांची तयारी करून घेतली जाई.

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचा नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढे जात होता. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा हा शिपाई तेव्हा बावीस वर्षांचा होता. जवळूनच यंत्रबंदुकीचा मारा आला आणि त्याच्याखेरीज तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने यंत्रबंदूक आणि तिचा चालक निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला मारले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या तडाख्यांनी ठार केले. ठाणे हाती आले, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो तेथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोंढाण्यावर ढाल तुटली होती, येथे गोळ्या संपल्या. दोन्ही ठिकाणी शिक्षणाने अंगात मुरवलेली गोष्टच शेवटी कामाला आली.

स्वातंत्र्यानंतर

स्वतंत्र भारताच्या सैन्यात हा अभ्यासक्रम चालू राहिला. रेजिमेंटच्या केंद्रांत नव्या शिपायाला संगिनीचा सराव, अडथळ्यांची शर्यत, मुष्टियुद्ध आणि निःशस्त्र झुंज यांतून जावे लागते. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी लष्कराची संस्था पुण्यात आहे. १९७० साली बेळगावात कमांडो शिक्षण सुरू झाले. पायदळाच्या ‘घातक’ नावाच्या तुकड्यांतील जवान आणि अधिकारी तेथे तयार होतात. पुढे इस्रायलच्या सैन्यात वाढलेल्या क्राव मागासारख्या पद्धतींतलेही डाव विशेष दलांनी घेतले. गळा पकडल्यास सुटणे, सुरा अडवणे, पहारेकऱ्याला आवाज न होऊ देता आवरणे, कैद्याला इजा न करता ताब्यात ठेवणे, असे आता या शिक्षणाचे भाग आहेत. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. किती बळ वापरायचे आणि कोठे थांबायचे, हेही शिपायाला याच शिक्षणात कळते.

या शिक्षणाची गरज एकविसाव्या शतकात लडाखमध्ये पुन्हा दिसली. भारत आणि चीन यांच्यातील १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असे ठरले होते. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात दोन्ही सैन्यांत जी झटापट झाली ती लोखंडी गज, खिळे ठोकलेले सोटे, दगड आणि हात यांनी झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे १४,००० फुटांवर, थंडगार नदीच्या काठी, अंधारात तासन् तास ती चालली. भारताचे वीस सैनिक त्यात धारातीर्थी पडले. सोळाव्या बिहार पलटणीचे नेतृत्व करणारे कर्नल संतोष बाबू हे तेलंगणातील सूर्यापेटचे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. विरळ हवेत दोन मिनिटांच्या झटापटीनेही छाती भरून येते. तेथे टिकायला मेहनतीने कमावलेला दम, पकड आणि सोबत्यांबरोबर उभे राहण्याची सवय लागली.

गलवाननंतर लष्कराने निःशस्त्र झुंजीच्या शिक्षणाकडे नव्याने लक्ष दिले. देशातील वेगवेगळ्या युद्धकला आणि आधुनिक पद्धती यांतून निवडलेल्या डावांचा ‘अमर’ नावाचा एकसारखा अभ्यासक्रम तयार झाला आणि जवानांच्या नेहमीच्या शिक्षणात आला. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळच्या यांगत्से येथे पुन्हा हाताहातीचा प्रसंग आला आणि भारतीय जवानांनी चढून आलेल्या तुकडीला मागे रेटले.

आठ-नऊशे वर्षांच्या या वाटचालीत हत्यारे अनेकदा बदलली, शिक्षणाचा क्रम मात्र तोच राहिला. आधी अंगमेहनत, मग पडणे आणि उठणे, मग पकड, मग हत्यार, आणि या सगळ्यांतून येणारी मनाची स्थिरता. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी हौदातली माती खणायला लावतो. केंद्रात उस्ताद नव्या जवानाला पहाटे धावायला लावतो. शिक्षकाचे नावही दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे.